आरती पुरे, हिशेब काढा!

नवरात्र सरले, दिवाळी आली. नवरात्रात गावोगाव 'नवदुर्गां'चे सत्कार झाले. शाल, नारळ, गुलाबाचे फूल आणि अध्यक्षांचे भाषण! भाषणाचा मतलब ठरलेला : बाई किती सोसते, सोसूनही कशी हसते आणि तिच्यापासून आपण किती स्फूर्ती घ्यावी! टाळ्या पडतात, चहा होतो आणि सत्कारमूर्ती लगबगीने घरी जाते. कारण रात्रीचा स्वयंपाक तिच्यावाचून अडलेला असतो.

या फुकटच्या स्फूर्तीविरुद्ध माझी तक्रार आहे.

उदाहरणासाठी सिन्नरला चला. तेथील गोंदेश्वराचे यादवकालीन मंदिर पाहावयाला लांबून माणसे येतात. ऊन, वारा, पाऊस सोसून तो काळा दगड शतकानुशतके उभा आहे. त्याचे कौतुक अवश्य करावे. दगडाला सोसण्यावाचून दुसरे काम नसते. पण त्याच सिन्नरात पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळणाऱ्या बायाही आहेत. पाने भिजवायची, मापाने कातरायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. मजुरी मिळायची ती हजारी. तीच बोटे हजार वेळा फिरतात, तेव्हा कुठे हिशेबात 'एक' पडतो. माल द्यायला गेले की त्यातून 'छाट' निघते. म्हणजे वळण्याचे कष्ट झाले, पण ती विडी मोजणीत नाही. पाठ वाकते, तंबाखूची धूळ छातीत जाते. अशा बाईला 'दगडासारखी कणखर' म्हणणे ही स्तुती नव्हे. ती हाडामांसाचे माणूस आहे याचा तो सोयीस्कर विसर आहे.

कुणी म्हणेल, "अहो, चार शब्द कौतुकाचे बोलले तर बिघडले कुठे?" बिघडते ते असे, की ज्याचे सोसणे आपण सद्गुण ठरवतो, त्याचे सोसणे थांबवण्याची जबाबदारी आपल्या अंगावरून गळून पडते. कणखर बाईला विसावा कशाला? मजुरी वाढवून कशाला? वाटा कशाला? ती काय, कशातूनही निभावून नेईल!

स्फूर्ती घ्यायचीच असेल, तर ती या बायांच्या सोसण्यातून घेऊ नका. त्यांच्या मागण्यातून घ्या. विडी कामगारांसाठी 1966 साली कायदा झाला, 1976 साली कल्याण निधीचा कायदा झाला. हे कुणाच्या करुणेचे दान नव्हते. त्यामागे कामगारांच्या संघटनांची झुंज होती. घरी बसून विड्या वळणारी ती आमची कामगारच नव्हे, असा मालकांचा युक्तिवाद होता. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि घरी काम करणाऱ्यांनाही भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू ठरवला. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार स्त्रियांसाठी 10,000 घरांची वसाहत उभी राहिली, 2006 साली घरे हाती आली. तिला नाव दिले गोदूताई परुळेकरांचे. ती घरे काही शाल-नारळातून उगवली नाहीत.

मात्र कल्याण निधीला पैसा पुरवणारा विडीवरचा उपकर 2017 साली रद्द झाला. बायांच्या कणखरपणावर तासतासभर बोलणाऱ्या किती वक्त्यांनी त्या दिवशी तोंड उघडले?

"विडी प्रकृतीला घातक, तो धंदा बुडालेलाच बरा," असेही कुणी सुनावील. मान्य! विडी बुडावी, पण वळणारी बुडू नये. सिन्नरभोवती कारखान्यांच्या वसाहती आहेत. विडीचे सूप खाली ठेवणाऱ्या बाईला तिथे शिकवून काम देणार का, एवढेच सांगा. तोवर नुसता उपदेश नको.

आणि वाचकहो, मालक आणि सरकार यांच्या नावाने बोटे मोडून आपण सुटलो, असेही समजू नका. 1994 साली महाराष्ट्राने आणि 2005 साली साऱ्या देशाने हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क कायद्याने दिला. त्यावर आपण काढलेला तोडगा म्हणजे हक्कसोडपत्र! बहिणीची सही घ्यायची, सातबारावरून तिचे नाव काढायचे आणि भाऊबीजेला तिच्या ताटात साडी घालायची. सही नाकारली तर माहेर तुटते, म्हणून ती निमूटपणे सही करते आणि आपण म्हणतो, "काय मनाची मोठी आहे आमची ताई!" तिच्या मोठेपणावर आपली शेते मोठी होतात, हे मात्र कुणी बोलत नाही.

याच नाशिक जिल्ह्यात चांदवडला 1986 च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. शेतात राबणाऱ्या बाया प्रचंड संख्येने जमल्या. पुढे त्याच संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली : घरच्या लक्ष्मीच्या नावे जमिनीचा तुकडा करून द्या. आणि गावोगावच्या साध्या शेतकऱ्यांनी तो करून दिला! त्यांनी बायकांवर भाषणे केली नाहीत. तलाठ्याकडे जाऊन नाव लावले.

म्हणून यंदा लक्ष्मीपूजनाला वही पुजाल, तेव्हा ती उघडूनही पाहा. आईच्या, बायकोच्या, बहिणीच्या नावावर त्या वहीत काय आहे? पान कोरे असेल, तर पणती लावण्याआधी तेवढे भरा. ओवाळणीत साडी जरूर घाला, पण तिच्यापुढे हक्कसोडाचा कागद ठेवू नका. बाई कणखर आहे, हे खरे. पण तिला जन्मभर कणखर राहावे लागते, यात तिची थोरवी जेवढी आहे, तेवढीच आपली लाज आहे.