गच्चीवरची टाकी आणि वरचा मजला

गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांत पाण्यावरून जुंपते ती बहुधा टाकीच्या आकारावरून. जुंपायला हवी ती तिच्या उंचीवरून. वरच्या मजल्यावरील सभासद मोठी टाकी मागतात आणि ती आल्यावरही त्यांचा नळ करंगळीएवढ्याच धारेने वाहतो. यात नवल काही नाही. नळातील दाब टाकीच्या लांबी-रुंदीवर नव्हे, तर पाण्याच्या पातळीवर ठरतो. पातळी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो. ३ मीटरच असेल तर जेमतेम ०.३ किलो. त्याखाली ९ मीटरवरील तळमजल्यावर मात्र तोच दाब चौपट! वर्गणी दोघांची सारखीच.

टाकी उंच चौथऱ्यावर चढवावी हे खरे. परंतु १००० लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ते खांब-तुळयांवर यावे, स्लॅबच्या मधोमध नव्हे.

मुळात हे पाणी गच्चीवर चढवावे का लागते? नगरपालिकेचे पाणी ठरावीक वेळीच, तेही क्षीण दाबाने येते म्हणून. तळटाकी, पंप, वीजबिल हा सारा नागरिकांच्या माथी बसलेला, कोणत्याही अंदाजपत्रकात न दिसणारा करच होय. ज्याला तळटाकी परवडत नाही तो पंप थेट सार्वजनिक वाहिनीलाच जोडतो. मग शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो, आणि वाहिनीला कोठे फट असली तर तीतून गटाराचे पाणी आत ओढले जाते.