केंद्र निवडण्याआधी

व्यसनमुक्ती केंद्राची खरी पारख दोन ठिकाणी होते. रुग्ण दाखल झाल्यावर पहिले चार-पाच दिवस त्याच्या शरीराकडे कोण पाहते, हे एक; आणि तो घरी परतल्यावर वर्षभर त्याची विचारपूस कोण करते, हे दुसरे. मधल्या दिवसांचा कार्यक्रम बहुतेक केंद्रांत बाहेरून सारखाच दिसतो : पहाटे उठणे, योगासने, गटसभा, समुपदेशन, वेळेवर जेवण. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली कुटुंबे केंद्र शोधतात ती मात्र इमारत, फी आणि ‘किती दिवसांत सुटेल’ एवढ्यावरून. निर्णय घेणारा भाऊ किंवा मुलगा परदेशात असला, तर त्याच्या हाती संकेतस्थळावरची छायाचित्रे आणि केंद्रचालकाचा फोनवरचा आवाज एवढेच राहते.

या विषयातला महाराष्ट्राचा सर्वांत भक्कम अनुभव जुन्नर तालुक्यातल्याच एका माणसाशी जोडलेला आहे. डॉ. अनिल अवचट मूळचे ओतूरचे, जन्म १९४४चा. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे ‘गर्द’, मुंबई-पुण्यातल्या तरुणांत पसरू लागली. ओळखीच्या घरातला मुलगा तिच्या विळख्यात सापडलेला पाहून अवचटांनी त्या जगाचा शोध घेतला आणि लेख लिहिले. त्यांचेच पुढे ‘गर्द’ हे पुस्तक झाले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी ते लेख वाचून एक लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. अनिताताई १९९७ मध्ये गेल्या, अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी. संस्थेची धुरा त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर सांभाळतात.

मुक्तांगणने जे रुजवले, ते इतर कोणतेही केंद्र पारखताना मापासारखे वापरता येते. तिथे व्यसन हा आजार मानला जातो आणि रुग्णाला अपराध्यासारखे वागवले जात नाही. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसे तिथे समुपदेशक म्हणून काम करतात, त्यामुळे नव्या रुग्णाच्या थापा त्यांच्यापुढे फार काळ टिकत नाहीत. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे, कारण नवरा दाखल असला तरी वर्षानुवर्षे मार खाल्लेली आणि कर्ज फेडणारी बाई घरीच असते. पुढे स्त्री-रुग्णांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभागही निघाला. व्यसनी स्त्रीला दाखल करायचे असेल तर असा वेगळा विभाग आणि स्त्री कर्मचारी असल्याखेरीज पुढे जाऊच नये.

दाखल करण्याची गरज प्रत्येकाला नसते. एम्सने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळाल्याचे दिसले. दाखल होऊन उपचार मिळाले ते १८० जणांमागे एकाला. उरलेल्यांपैकी अनेकांना मानसोपचारतज्ज्ञाच्या बाह्यरुग्ण विभागात नियमित जाऊनही मदत झाली असती. पुण्यात ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात ती सोय आहे. घरात आधार आहे, झटके किंवा भास होत नाहीत आणि माणूस स्वतः यायला तयार आहे, तर सुरुवात तिथून करणे शहाणपणाचे.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद केली, तर सहा ते चोवीस तासांत हातपाय थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो. ही अवस्था उपचाराविना जीवघेणी ठरू शकते. गावाकडे तिला ‘बाहेरचं लागलं’ असे म्हणून अंगारा लावला जातो आणि मोलाचे तास वाया जातात. डॉक्टर या काळात गुंगीची ठरावीक औषधे मोजून देतात आणि हळूहळू उतरवतात, शिवाय थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व टोचतात. म्हणून पहिला प्रश्न असा हवा : रात्री दोन वाजता फिट आली तर केंद्रात कोण असते? ‘डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात’ हे उत्तर असेल, तर या पहिल्या टप्प्यासाठी ते केंद्र योग्य नाही. तो टप्पा रुग्णालयात पार पाडून मग केंद्रात जाणे सुरक्षित.

दारू सोडवण्याची गोळी चहात किंवा भाजीत कालवून देण्याचा प्रकार आजही चालतो. त्यात बहुधा डायसल्फिराम असते. ते पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब कोसळतो, छाती धडधडते आणि जीवही जाऊ शकतो. रुग्णाला माहीत असताना, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून दिले तर ते उपयोगी औषध आहे; चोरून दिले तर विष. गावात माळ घालण्याचा मार्गही आहे, आणि त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे, वारकरी परंपरा या मातीत मुरलेली आहे. माळेमुळे माणसाला नवी संगत आणि नवा दिनक्रम मिळतो, आणि तेच व्यसनमुक्तीचे निम्मे काम असते. मात्र थरथरणाऱ्या शरीराला आधी डॉक्टर हवा.

कायद्याची बाजू फारशी कुणी पाहत नाही, पण ती कुटुंबाच्या बाजूने उभी आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनातून येणाऱ्या मानसिक अवस्था त्याच्या व्याख्येत येतात. त्यामुळे असे रुग्ण ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. ‘आमची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे’ हे त्याचे उत्तर होत नाही. त्या नोंदणीचा उपचाराशी संबंध नाही. सज्ञान रुग्ण सामान्यतः स्वतःच्या इच्छेने दाखल होतो. त्याची संमती नसेल तर कायद्याने ठरवलेली गंभीर परिस्थिती असावी लागते, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते आणि असा प्रवेश पहिल्यांदा जास्तीत जास्त ३० दिवसांचा असतो. घरच्यांचा फोन गेला की रात्री गाडी पाठवून चार माणसांकरवी रुग्णाला ‘उचलून’ नेणारी केंद्रे या चौकटीत बसत नाहीत. साखळीने बांधण्यावर कायद्यात स्पष्ट बंदी आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली, तेव्हा साखळदंडात अडकलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. त्या आगीत २८ जणांचा बळी गेला. रुग्णाला भेटू न देणारे, त्याचा फोनवरचा आवाजही ऐकू न देणारे केंद्र कितीही स्वच्छ दिसले तरी टाळावे.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी याच कायद्यातली एक तरतूद महत्त्वाची आहे. रुग्ण साध्या कागदावर लिहून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. त्या प्रतिनिधीला निदान आणि उपचारांची माहिती मागता येते, घरी सोडण्याच्या नियोजनात भाग घेता येतो. पैसे परदेशातून येत असले तरी हे काम मंचर, घोडेगाव किंवा नारायणगावात राहणाऱ्या, आठवड्याला केंद्रात जाऊ शकणाऱ्या माणसाकडे असावे. फी एकरकमी आगाऊ देऊ नये. आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसींत व्यसनावरचा उपचार वगळलेला असतो, तेही आधीच पाहून ठेवावे.

बरे होण्याची हमी देणारे केंद्र प्रामाणिक नसते. व्यसन हा दमा किंवा रक्तदाबासारखा पुन्हा उसळणारा आजार आहे. घसरण झाली म्हणजे उपचार फुकट गेले असे होत नाही, ते पुन्हा सुरू करायचे असतात. उपचारांशी संबंध तीन महिन्यांपेक्षा कमी राहिला तर परिणाम तोकडा राहतो, असे संशोधन सांगते. मुक्तांगणचा निवासी कार्यक्रम ३५ दिवसांचा आहे. म्हणजे उरलेला काळ गावातच काढायचा असतो. गर्दसारख्या अफूजन्य पदार्थांच्या रुग्णाला तर घरी परतताना जास्त जपावे लागते. महिनाभराच्या खंडानंतर शरीराची सवय मोडलेली असते आणि पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर ती जीव घेऊ शकते.

गावातला हा काळ शेतीच्या आणि यात्रांच्या पंचांगावर चालतो. टोमॅटोचा हंगाम असला की नारायणगावच्या बाजारातून पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, हातात पडते. कांद्याची ओतूर आणि आळेफाट्याला. रोख रक्कम, सोबतचे मित्र आणि पुणे-नाशिक रस्त्यावरचा ढाबा एकाच संध्याकाळी जुळून येतात. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा, बैलगाडा शर्यतींचे घाट आणि लग्नाच्या वराती सुरू होतात. चांगला समुपदेशक घरी सोडण्याआधी हे सगळे रुग्णाकडून वदवून घेतो : पहिली पट्टी कुणाच्या खात्यात जमा होणार, यात्रेच्या दिवशी तो कुठे असणार, लग्नात कुणाच्या शेजारी बसणार. आंबेगावच्या पश्चिम भागात, डिंभे धरणाच्या वरच्या आदिवासी वाड्यांतून, पुण्याला दर पंधरवड्याला जाणे म्हणजे मजुरीचा दिवस बुडवणे. तिथल्या रुग्णासाठी केंद्राने फोनवर पाठपुरावा करायला हवा आणि तालुक्यातल्या डॉक्टरला औषधांची चिठ्ठी लिहून द्यायला हवी. जवळपास अल्कोहोलिक्स अनॉनिमसची सभा भरत असेल तर तिचा वार आणि जागा रुग्णाला केंद्र सोडण्याआधीच माहीत असावी. ही संघटना १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात दोन मद्यपींच्या भेटीतून उभी राहिली, आणि तिच्या सभेला पैसे पडत नाहीत.

केंद्राचा शोध सुरू करण्याआधीही सल्ला मिळू शकतो. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची निःशुल्क हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर आहे आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस १४४१६ या क्रमांकावर. हे दोन्ही क्रमांक गावातल्या घरी, फोनजवळच्या भिंतीवर लिहून ठेवायला आजच सांगावे.