कुठल्या फोटोवर परिणाम नाही?

पावसाळा ओसरला की जुन्या टेलीफोटो लेन्स विकायला निघतात. मुंबईत वर्सोवा, यारी रोड, सात बंगला या पट्ट्यातल्या लेन्सच्या वर्णनात एक वाक्य हमखास भेटते : ‘आत किरकोळ फंगस आहे, फोटोवर परिणाम नाही.’ लिहिणारा बहुतेक वेळा प्रामाणिक असतो. लपवायचे असते तर त्याने फंगसचे नावच काढले नसते. तरीही घेणाऱ्याने त्याला एक प्रश्न विचारलाच पाहिजे. कुठल्या फोटोवर परिणाम नाही?

वर्सोव्याची चौपाटी पश्चिमेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांसाठी तिथे उभे राहणाऱ्यांना हे सांगायला नको. सकाळी इमारतींची सावली वाळूवरून सरली की सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि किनाऱ्यावर बसलेल्या थव्यावर समोरून स्वच्छ उजेड पडतो. अशा वेळी आत फंगसचे चार धागे असलेली लेन्सही नव्यासारखा फोटो देते. त्याच जागी संध्याकाळी या. सूर्य समोर, परतणाऱ्या होड्या काळ्या आकृतींसारख्या, पाणी चमकणारे. आता तेच धागे उजेड विखुरतात, काळा रंग राखाडी होतो, होडीची कड विरघळते आणि फ्रेमवर फ्लेअरचा पांढुरका पडदा चढतो. काँट्रास्ट नंतर संगणकावर थोडा ओढून घेता येतो, पण फ्लेअरमध्ये बुडालेला तपशील परत मिळत नाही. विकणाऱ्याने आयुष्यभर सकाळचेच फोटो काढले असतील, तर त्याचे वाक्य त्याच्यापुरते खरेच आहे.

म्हणून दोषाची यादी वाचण्याआधी आपल्या कामाची यादी करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आरामनगरच्या परिसरात नव्या कलाकारांचे पोर्टफोलिओ करणाऱ्याला खिडकी कलाकाराच्या पाठीमागे ठेवून काम करावे लागते. त्याला फंगस नडेल. ऑटोफोकस थोडा मंद असला, तर त्याचे बिघडत नाही. उडता पक्षी टिपणाऱ्याचे गणित नेमके उलटे आहे.

पुढच्या काचेवरच्या ओरखड्याला मात्र आपण उगाच घाबरतो. ३०० मिमी एफ/२.८ लेन्सचा प्रकाशमार्ग सुमारे १०७ मिमी व्यासाचा, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ९,००० चौरस मिलिमीटर. एक सेंटीमीटर लांब आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका रुंद ओरखडा त्यातला एक चौरस मिलिमीटर व्यापतो. नऊ हजारांतला एक भाग! सूर्य समोर नसेल तर तो फोटोत शोधूनही सापडत नाही. पण बघताक्षणी डोळ्यांत भरतो, म्हणून किंमत बरीच उतरते. हा फायदा हुशार खरेदीदाराने जरूर घ्यावा. मागच्या, सेन्सरजवळच्या काचेवरचा ओरखडा याहून पुष्कळ लहान असला तरी जास्त त्रास देतो, कारण तिथे प्रकाशाचा शंकू अरुंद झालेला असतो.

फंगसबद्दल आणखी थोडे. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर गेली आणि दिवसेंदिवस तशीच राहिली की फंगस वाढू लागते. आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर याहून वेगळी हवा नसतेच. सुरुवातीची फंगस कुशल कारागीर लेन्स उघडून पुसून काढतो. जुनी फंगस मात्र आम्ल सोडते, कोटिंग खाते, आणि पुसल्यावरही काचेवर तिचा नकाशा उरतो. चिकटवलेल्या दोन काचांच्या मध्ये ती शिरली असेल, तर साध्या सफाईने निघत नाही. तेव्हा ‘फंगस आहे का’ एवढे पुरेसे नाही. कुठल्या काचेवर, काठाशी की मधोमध, किती पावसाळ्यांपासून, हे विचारा. खाऱ्या हवेचा मार माउंटचे स्क्रू आणि संपर्कपट्ट्याही दाखवतात. तिथे गंज असेल तर आतही त्या हवेने हात आखडता घेतला नसणार.

मला खरी धास्ती वाटते ती मोटरची. काच टॉर्च मारून दिसते, मोटर दिसत नाही. कॅननच्या १९८८ मधल्या ईएफ २०० मिमी एफ/१.८ आणि ६०० मिमी एफ/४ या लेन्समध्ये फोकसची रिंग काचेला थेट हलवत नाही, ती मोटरला फक्त आज्ञा देते. मोटर गेली की हाताने फोकस करणेही संपले, आणि सुटे भाग आता बनत नाहीत. निकॉनची जुनी एएफ-एस ३०० मिमी एफ/४ घ्या. तिची मोटर किंचाळू लागल्याच्या तक्रारी नव्या नाहीत, पण रिंग यांत्रिक असल्याने मोटर मेली तरी तिपायीवर काम चालते. ‘ऑटोफोकस कधीकधी अडतो’ हा एकच दोष एका लेन्समध्ये गैरसोय ठरतो, तर दुसरीत मृत्यूची पूर्वसूचना.

तपासणी आपल्याच कॅमेऱ्यावर करा. ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवून दोन्ही बाजूंनी टॉर्च मारा, मग ते बंद करत पात्यांवर तेल आहे का बघा. सपाट इमारतीचा फोटो घेऊन चारही कोपरे ताडून पाहा. एकच बाजू मऊ आली तर काच सरकलेली असू शकते. हे भर दुपारी वाळूवरून करू नका. तापलेली हवा थरथरत असते, आणि ४०० मिमीच्या उत्तम लेन्सलाही ती नापास करते. शेवटी एक फ्रेम सूर्याच्या दिशेने, सूर्य चौकटीच्या जरा बाहेर ठेवून.

पैसे देण्याआधी विकणाऱ्यासोबत कारागिराकडे जा, फोर्टमध्ये बोराबझार स्ट्रीटच्या बाजूला किंवा आपल्या माहितीच्या ठिकाणी, आणि दुरुस्तीचा आकडा ऐकूनच सौदा करा. १९३० च्या मालविक्री कायद्याचे मूळ सूत्र खरेदीदाराने पारखून घ्यावे असेच आहे. दुकानदाराकडून घेतल्यास कलम १६ थोडे संरक्षण देते, पण माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत दिसायलाच हवा होता असा दोष नंतर पुढे करता येत नाही.

सदोष लेन्स घेऊच नका, असे सांगणारे माझे अनेक मित्र आहेत. मला ते पटत नाही. नव्या सुपरटेलीफोटोची किंमत कित्येक लाखांत असताना, पक्ष्यांमागे जाणाऱ्या तरुण मुलामुलींना या क्षेत्राचे दार बहुधा अशाच लेन्सने उघडते. दोष उघड सांगणारा विक्रेता त्यांच्यावर उपकारच करतो. त्याच्याशी घासाघीस करताना त्याच दोषाचा बागुलबुवा करू नये, नाहीतर पुढच्या वेळी तो गप्प राहील.

विकणाऱ्यांना एक विनंती. वर्णनात दोष कुठल्या काचेवर आहे, लेन्स शेवटची कधी उघडली आणि ती कुठल्या प्रकारच्या कामाला वापरली, हे लिहा. सोबत सूर्यासमोर काढलेला, काहीही संस्कार न केलेला एक फोटो जोडा. त्यासाठी लेन्सच्या देखण्या फोटोंतला एखादा वगळावा लागला तरी चालेल.