वाजंत्रीच तेवढी महाग?

'फादर, बाकी सगळे जमले. पण बँड काही परवडत नाही.' लग्नाची नोंद करावयास आलेल्या वधुपित्याच्या तोंडून हे वाक्य आम्ही गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा ऐकले आहे की, विवाहपूर्व चौकशीच्या छापील अर्जात त्यासाठी एक रकानाच ठेवावा असे वाटू लागले आहे. महागाई खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. धर्मग्रामाच्या खर्चाची वही आम्हीच लिहितो. तेलाचा डबा आणि विजेचे बिल काय असते ते आम्हांलाही ठाऊक आहे. प्रश्न एवढाच की, महागाईच्या नावाने जी कात्री चालते ती नेमकी कोणाच्या पोटावर चालते?

गेल्या उन्हाळ्यात तेरखेड्याजवळच्या एका लग्नास जाण्याचा योग आला. बीडकडून सोलापूरकडे जाताना येरमाळ्याच्या अलीकडे हे गाव लागते. फटाक्यांसाठी ते मराठवाड्यात प्रसिद्ध आहे, आणि तेथील कारखान्यांत स्फोट होऊन मजूर दगावल्याच्या बातम्याही आपण अधूनमधून वाचतो. वरपक्षाने अर्थातच गावातूनच माळा आणि आकाशात फुटणारे बाण भरून आणले होते. वरात मंगल कार्यालयाच्या फाटकाशी पोहोचली आणि बँड तेथेच थांबला. आत कार्यालयाचा स्वतःचा 'साउंड' होता, त्याचे पैसे भाड्यातच धरलेले होते, आणि बाहेरच्या वाजंत्र्यांस आत मज्जाव होता. नऊ माणसे कडुनिंबाखाली टोप्या काढून बसली. बाहेर माळ लागली. आम्ही घड्याळ पाहिले, चार मिनिटांत सारे संपले. नंतर हिशेबाच्या वेळी वराच्या चुलत्यांनी ठरलेल्या रकमेतून दोन हजार कापले. कारण काय, तर 'आत कुठे वाजवलेत?' फटाकेवाल्याशी मात्र कोणी घासाघीस केली नव्हती. त्याला आगाऊच मोजले होते.

बँडचे मास्तर साठीला टेकलेले. आम्ही त्यांच्याशेजारी जाऊन बसलो, तेव्हा त्यांनी तक्रार अशी केली नाही. हिशेब मात्र सांगितला. पूर्वी त्यांच्या हाताखाली एकवीस जण होते. क्लॅरिनेट चार, ट्रंपेट पाच, शिवाय युफोनियम, सॅक्सोफोन, मोठा ढोल, साइड ड्रम. आता नऊ, आणि हातगाडीवर एक कॅसिओ. सुपारीच्या रकमेतून प्रथम टेम्पोचे भाडे जाते, मग डिझेल, मग गणवेशांची धुलाई, मग वाद्यांची डागडुजी. उरते ते नऊ जणांत वाटले की, गवंड्याच्या हाताखालच्या बिगाऱ्याची रोजी त्याहून बरी. त्यात लग्नसराई चालते मोजके महिने. उरलेल्या दिवसांत कोणी ऊसतोडीची उचल घेतो, कोणी बांधकामावर जातो. २०२० आणि २०२१ ह्या दोन वर्षांत साथीमुळे लग्नसराई जवळजवळ बुडाली, तेव्हा दोघांनी ट्रंपेट विकले ते पुन्हा घेतलेच नाहीत.

वाद्ये घ्यायची म्हणजे नजर जाते ती उत्तर प्रदेशातील मेरठकडे. तेथील जली कोठी हा भाग बँडच्या वाद्यांसाठी देशभर ओळखला जातो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा हाताने घडवलेल्या देशी वाद्यांना करमाफी मिळाली, ही गोष्ट चांगलीच झाली. पण ट्रंपेट, क्लॅरिनेट ही बाकीची वाद्ये पडली २८ टक्क्यांच्या चैनीच्या पंक्तीत! त्याच वर्षी नोव्हेंबरात दर १८ टक्क्यांवर आला खरा. तरी वरातीत घाम गाळणाऱ्या माणसाच्या हातातील पितळ ही चैन आहे, असे काही महिने का होईना सरकारने मानले होते. आपण तर अजूनही तसेच मानतो.

यावर आमच्या धर्मग्रामस्थांची उत्तरे ठरलेली आहेत. 'बँडवाले दारू पितात, फादर.' काही पितात. जेवणावळीचा आचारी कधीच पीत नाही काय? त्याच्या मजुरीतून पेल्यागणिक कपात केल्याचे आम्ही तरी पाहिले नाही. 'सूर लागत नाही.' लागत नाही हे खरे. पण ज्याचे चार महिने उसाच्या फडात जातात त्याने तालीम केव्हा करावी? 'त्या रकमेला तो स्वखुशीने कबूल झाला होता ना!' या शेवटच्या उत्तराला मात्र पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालीच आपल्या परिपत्रकात जबाब देऊन ठेवला आहे. गरजेपोटी मजूर कबूल झाला एवढ्यावरून मजुरी न्याय्य ठरत नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. सेमिनरीत आम्ही तो परीक्षेपुरता पाठ केला होता. त्या कडुनिंबाखाली तो आम्हांस पुन्हा आठवला.

'डीजे स्वस्त पडतो' असेही म्हणतात. त्याच्या भिंतीच उभ्या करायच्या तर तो स्वस्तही पडत नाही, हे बिल पाहिलेल्यांस विचारावे. आणि जेथे पडतो, तेथे का पडतो? यंत्राला जेवण लागत नाही, त्याच्या मुलीची फी थकत नाही. नऊ माणसांना वगळल्यानंतर जी बचत दिसते तिला काटकसर म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग आहे.

आता जे लिहिणार आहोत ते काही वाचकांस धर्मगुरूच्या लेखणीतून आलेले रुचणार नाही. याच महामार्गाच्या येरमाळा-चोराखळी पट्ट्यात कला केंद्रांच्या पाट्या लागल्या. २०२५ साली त्यांतील काहींचे परवाने प्रशासनाने रद्द केले. तेथे जे गैर चालत असेल त्याचा कैवार आम्ही घेत नाही. पण नियमभंगाच्या तक्रारींत एक अशीही होती की, पारंपरिक वाद्यांऐवजी ध्वनिवर्धकावर तयार गाणी वाजतात. वृत्तपत्रे वाचताना आमचे लक्ष तेथेच अडले. संगीत बारी म्हणजे मुळात गाणारी बाई, पेटीवाला, तबलजी आणि ढोलकीवाला यांची समोरासमोरची बैठक. ढोलकीवाला कधी उठून गेला याची तक्रार कोणी आधी केली होती काय? वाटा द्यावा लागणारा माणूस गेला, यंत्र आले, आणि पुढे कला केंद्रात कला राहिली नाही म्हणून आपणच बोटे मोडू लागलो. मंगल कार्यालयाच्या फाटकाशी तरी वेगळे काय घडते आहे?

दोष केवळ संसारी माणसांचा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान प्रसिद्ध केले. त्यात मिशन प्रदेशांतील लोकांच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा असे सांगितले आहे. त्या उघड्या दारातून पेटी, तबला, ढोलकी आमच्या वेदीपर्यंत आली. आणि आम्ही काय केले? आयत्या ठेक्याचा कीबोर्ड आणला आणि तबलजीला सांगितले, आता रविवारी येण्याचे कारण नाही. हे आमच्याच हातून घडले. त्या वेळी आम्हांला ते व्यवस्थापनकौशल्य वाटले होते.

ज्या समाजाने या देशाला बँडवाले दिले त्या समाजाने असे वागावे याची अधिक खंत वाटते. गोव्यातील चर्चच्या शाळांत मेस्त्रींनी पोरांना स्वरलिपी शिकवली. ती पोरे पुढे संस्थानिकांच्या बँडांत, मुंबईच्या हॉटेलांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्वीस त्याच मातीतले; प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९७७ च्या चित्रपटातील त्यांच्या नावाचे गाणे आपल्या लग्नांत हमखास वाजते. पेनड्राइव्हवरून!

पुनरुत्थान सणानंतरच्या लग्नांसाठी आम्ही आमच्या धर्मग्रामात दोन गोष्टी ठरविल्या आहेत. देवळात मुद्रित गाणे वाजणार नाही. गायला कोणी नसेल तर लग्न शांततेत लागेल. आणि ज्यांनी बँड ठरविला असेल त्यांनी त्याची पूर्ण रक्कम मिस्सापूर्वी साक्रिस्तीत, आमच्यासमोर, मास्तरांच्या हाती द्यावी. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत यावर बराच आवाज झाला. एका गृहस्थांनी विचारले, 'मग फटाक्यांचे पैसेही साक्रिस्तीतच द्यायचे का?' आम्ही म्हटले, त्यांची काळजी नको, ते तुम्ही आगाऊच देता. तबलजींच्या घरी आम्ही परवा जाऊन आलो. त्यांनी चहा दिला, तबल्याविषयी मात्र काही बोलले नाहीत. पुन्हा जाणार आहोत.