खोटे मरण आणि खरी मरणे

दि. २ फेब्रुवारी २०२४ रोजी अभिनेत्री पूनम पांडे यांच्या इन्स्टाग्राम खात्यावर त्यांच्या निधनाचे निवेदन प्रसिद्ध झाले. कारण दिले होते गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे. मृत्यू कोठे झाला, कोणत्या रुग्णालयात झाला, अंत्यविधी कोठे होणार, यांपैकी कशाचाही उल्लेख त्यात नव्हता. तरीही काही तासांत देशभरच्या वृत्तवाहिन्यांनी आणि वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांनी ते वृत्त म्हणून दिले आणि श्रद्धांजल्यांचा ओघ सुरू झाला. दुसऱ्या दिवशी त्याच खात्यावर त्या स्वतः प्रकट झाल्या. आपण जिवंत आहोत आणि या रोगाविषयी जागृती व्हावी म्हणून हे केले, असे त्यांनी सांगितले. मोहिमेत सहभागी असलेल्या जाहिरात संस्थेने पुढे क्षमा मागितली; परंतु या रोगाचे नाव देशाच्या इतिहासात प्रथमच हजारावर मथळ्यांत झळकले, अशी बढाई त्या क्षमायाचनेतही होती.

हा प्रकार आता जुना झाला. त्याची रीत मात्र जुनी झालेली नाही. धक्का द्यायचा, लोकांनी तो एकमेकांकडे पोचवायचा, आणि मग पडदा उघडून ‘ही तर मोहीम होती’ असे जाहीर करायचे, हे आज जाहिरातीच्या धंद्यातील मान्य तंत्र आहे. म्हणून त्याचा विचार नीट केला पाहिजे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. या प्रकरणात संबंधित अभिनेत्रीच्या पोशाखावर आणि चारित्र्यावर जी चिखलफेक झाली, तिच्याशी आमचा काडीमात्र संबंध नाही. हेच कृत्य एखाद्या प्रतिष्ठित पुरुषाने केले असते तरी आमचा आक्षेप तोच राहिला असता. प्रश्न व्यक्तीचा नसून पद्धतीचा आहे. आणि या पद्धतीचे समर्थन ‘हेतू चांगला होता’ या एकाच वाक्यावर उभे असल्यामुळे ते त्याच कसोटीवर घासून पाहिले पाहिजे.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात या रोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने मृत्यू पावल्या. म्हणजे दिवसाला दोनशेहून अधिक. ज्या दिवशी एका खोट्या मृत्यूने देशातील मथळे व्यापले, त्याही दिवशी या हिशेबाने दोनशे खरी मरणे झाली असणार. त्यांपैकी एकीचेही नाव कोणी छापले नाही. आपल्याकडे मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे असा वाक्प्रचार आहे. येथे तर मढे नसतानाच लोणी काढले गेले.

जागृती कमी आहे, हे खरे. परंतु हा रोग का मारतो, याचे उत्तर मथळ्यांच्या अभावात नाही. पॅपिलोमा विषाणूमुळे होणारा हा रोग बळावण्यास बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. तेवढ्या अवधीत तपासणी झाली तर तो रोखता येतो. तथापि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) तीस ते एकोणपन्नास वयोगटातील शंभर स्त्रियांपैकी दोघींचीही अशी तपासणी एकदाही झालेली आढळली नाही. ही उणीव माहितीची जितकी आहे, त्याहून अधिक ती दारापर्यंत न पोचलेल्या आरोग्यसेवेची आहे.

आणि ती पोचवता येते, हे महाराष्ट्रानेच दाखविले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात बार्शीचे कर्करोग रुग्णालय आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहभागाने १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रियांची दीर्घ पाहणी झाली. विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या गटात या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटल्याचे तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या झोपडवस्त्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाच्या साह्याने साधी तपासणी करण्यात आली; तेथे मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी उतरले. तुलनेसाठी तपासणीविना ठेवलेल्या गटांवरून या पाहण्यांवर नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. परंतु घराघरांत जाऊन केलेल्या चिकाटीच्या कामाने प्राण वाचतात, हा धडा त्यामुळे खोटा ठरत नाही.

हे काम आज कोणी करायचे? गावोगावच्या आशा स्वयंसेविकांनी. आणि त्या खोट्या मृत्यूच्या दिवशी महाराष्ट्रातील या आशा कोठे होत्या? संपावर. मान्य झालेल्या मानधनवाढीचा शासन निर्णय निघावा, एवढ्यासाठी १२ जानेवारी २०२४ पासून त्यांनी काम थांबविले होते. फेब्रुवारीत हजारो आशा आणि गटप्रवर्तक मुंबईच्या आझाद मैदानावर उन्हातान्हात बसून राहिल्या. दरमहा ५,००० रुपयांच्या वाढीचा निर्णय अखेर मार्चमध्ये निघाला. ज्यांच्या हाती या रोगाशी लढण्याचे खरे साधन आहे, त्या बायकांना त्या दिवसांत हजार मथळे मिळाले नाहीत. लक्ष ही समाजाची सामायिक संपत्ती आहे. ती एकाने लुटली की दुसऱ्याच्या वाट्याला उपेक्षा येते.

याहून मोठी लूट विश्वासाची आहे. या रोगाच्या लशीला आपल्या देशात एक इतिहास आहे. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प राबविला गेला. सात मुलींच्या मृत्यूनंतर तो २०१० साली स्थगित झाला. ते मृत्यू लशीमुळे झाले नसल्याचे चौकशीत सांगण्यात आले. परंतु पालकांची रीतसर संमती न घेता वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्यांवर लस टोचली गेल्याचे उघड झाले आणि २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. अशी जखम असलेल्या विषयात आईबापांचा विश्वास कणाकणाने मिळवावा लागतो. पुण्यात तयार झालेली देशी लस २०२३ साली बाजारात आली. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली. आणि दुसऱ्याच दिवशी हा तमाशा झाला! ही सगळी लस विकण्याची युक्ती, असा संशय कोणाच्या मनात आला तर त्याला दोष कसा द्यावा? लांडगा आला म्हणून फसवी आरोळी देणारा गुराखी निदान स्वतःच्याच मेंढ्या गमावतो. येथे आरोळी देणारा नामानिराळा राहतो आणि पुढच्या दारी अविश्वासाला तोंड द्यावे लागते ते आशाताईला.

असे प्रकार फोफावतात याचे कारण केवळ काही जाहिरातदारांची हाव नव्हे. इन्स्टाग्रामची मालक असलेल्या मेटा कंपनीच्या २०२३ मधील उत्पन्नात शंभरातील सत्त्याण्णवाहून अधिक रुपये जाहिरातींचे होते. माणसे जितका वेळ पडद्याला खिळून राहतील तितका नफा, असा हा व्यवहार आहे. शोक खरा की बनावट, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. हे तंत्रही नवे नाही. १९२९ च्या ईस्टर मिरवणुकीत न्यूयॉर्कच्या रस्त्यावर काही तरुणींनी सिगारेटी पेटविल्या आणि त्या ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ असल्याचा गाजावाजा झाला. त्यामागे एडवर्ड बर्नेज हा प्रसिद्धितज्ज्ञ होता आणि त्याला पैसे देणारी तंबाखू कंपनी होती. स्त्रीमुक्तीचा ध्वज उसना घेऊन स्त्रियांच्या हाती व्यसन देण्यात आले. उदात्त कारणाचा बुरखा हा या धंद्याचा सर्वांत जुना पोशाख आहे.

यावर कोणी म्हणेल, चळवळीही लक्ष वेधण्यासाठीच कृती करतात. मग फरक तो काय? फरक मूलभूत आहे. महाडला १९२७ साली डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले, ते दिवसाढवळ्या, आणि परतणाऱ्या लोकांनी त्याची किंमत अंगावर मार झेलून दिली. दांडीला निघण्यापूर्वी, २ मार्च १९३० रोजी, गांधीजींनी व्हाइसरॉयला पत्र लिहून आपला बेत कळविला. सत्याग्रही आपला हेतू आधी सांगतो, लपवीत काही नाही, आणि परिणाम स्वतः भोगतो. ‘स्टंट’ करणारा हेतू लपवितो आणि परिणाम दुसऱ्यावर सोपवितो. एक जण समाजाच्या सदसद्विवेकबुद्धीला आवाहन करतो, दुसरा तिला चकवितो.

उपाय कोणते? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालील २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे फसव्या जाहिरातींना आळा घालू पाहतात. पण त्यांची नजर विकल्या जाणाऱ्या वस्तूवर आणि सेवेवर आहे. ‘जागृती’चे लेबल लावलेली फसवणूक त्यातून निसटते. आरोग्यविषयक प्रत्येक मोहिमेत ती कोणी आखली आणि खर्च कोणी केला हे आरंभीच सांगणे बंधनकारक व्हावे. स्वतंत्र खातरजमा झाल्याविना मृत्यूची बातमी न देणे ही तर वृत्तव्यवसायाची बाराखडी आहे. ती पुन्हा गिरवावी लागेल. आणि आशांना सन्मानाचे, नियमित मानधन देऊन प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी सुरू करणे, ही खरी जागृती होय.

कार्यकर्त्यांसाठी यातून एक पथ्य निघते. आपल्या मोर्च्याला चार ओळी मिळत नाहीत आणि एका बनावट शोकाला हजार मथळे मिळतात, हे पाहून मन खट्टू होते. आपणही एखादी क्लृप्ती लढवावी, असा मोह होतो. तो कटाक्षाने टाळला पाहिजे. लोकांनी आपल्या शब्दावर ठेवलेला विश्वास हेच आपले भांडवल आहे, आणि एकदा मोडले की ते व्याजानेही परत मिळत नाही. येत्या आठवड्यात आपापल्या गावच्या आरोग्य केंद्रात जाऊन, गेल्या वर्षी किती स्त्रियांची तपासणी झाली, एवढा एक आकडा प्रत्येक शाखेने मागावा. तो कदाचित शून्य असेल. तो शून्य गावाच्या फळ्यावर लिहून ठेवला, तर खोट्या मरणाने जे साधले नाही ते साधण्याची सुरुवात तेथून होईल.