घराने द्यावयाची मात्रा

मुलाला ताप आला म्हणून त्याच्यावर कोणी रागावत नाही. परंतु चौदा वर्षांची मुलगी रात्र रात्र जागून कपाटे आवरू लागली, एका दमात दहा बेत सांगू लागली, शब्दाने शब्द वाढताच घर डोक्यावर घेऊ लागली आणि पुढे काही आठवड्यांनी अंथरुणातून उठेनाशी झाली, तर घरची मंडळी तिला हट्टी म्हणतात, आळशी म्हणतात. वाचकहो, अशी टोकाची स्थित्यंतरे द्विध्रुवी मनोविकाराची, म्हणजेच ‘बायपोलर’ची, असू शकतात. उन्माद आणि विषाद ही त्याची दोन टोके. वयानुसार येणारा चिडखोरपणा कोणता व विकार कोणता, हे मात्र मनोविकारतज्ज्ञानेच ठरवावयाचे असते.

निदान झाले की आईबाप विचारतात, “औषधावाचून काही उपाय नाही का?” उपाय आहेत, मात्र ते औषधाच्या जागी नव्हे, औषधाच्या जोडीला योजावयाचे आहेत. मूल बरे दिसू लागले म्हणून गोळ्या एकाएकी बंद केल्या, तर विकार उलटण्याचा मोठा धोका असतो.

यांपैकी एका उपायाचा रोख रुग्णाइतकाच कुटुंबावर आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मिक्लोविट्झ यांच्या कुटुंबकेंद्री उपचारात तीन पायऱ्या आहेत: विकार समजून घेणे, बोलण्याची रीत सुधारणे आणि अडचणी एकत्र बसून सोडविणे. “तू नेहमीचाच असा!” या उद्गाराऐवजी “काल रात्री तू जागाच होतास, म्हणून मला काळजी वाटली,” असे म्हणणे हा या उपचाराचाच भाग होय. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९ ते १७ वर्षांची १२७ मुले होती. सर्वांच्या नात्यात हा विकार होता व त्यांच्यातही भावस्थितीच्या विकाराची लक्षणे दिसत होती. ज्यांच्या कुटुंबांना चार महिन्यांत अशा १२ बैठका मिळाल्या, ती मुले इतरांपेक्षा लवकर बरी झाली असे नाही. परंतु बरी झाल्यावर पुढचा झटका येईपर्यंतचा मध्यम काळ त्यांच्यात ८१ आठवडे होता, तर थोड्या व साध्या बैठका मिळालेल्यांत ६३. वाढत्या वयात अठरा आठवड्यांचे स्वास्थ्य म्हणजे शाळेचे जवळजवळ एक सत्र हाती लागणे होय.

दुसरा उपाय घड्याळाचा. पिट्सबर्गच्या एलेन फ्रँक यांनी दिनक्रमाच्या लयीवर आधारलेली उपचारपद्धती सिद्ध केली. उठणे, जेवणे, लोकांत मिसळणे व निजणे यांच्या वेळा ठरलेल्या असल्या की मनालाही आधार मिळतो. झोपमोड मात्र उन्मादाला निमंत्रण देऊ शकते. तेव्हा लग्नघरचे जागरण, रात्रीचा प्रवास, परीक्षेपूर्वीचा रात्रभराचा अभ्यास यांपासून अशा मुलाला आवर्जून जपावे. एका वहीत रोजची झोप आणि मनाची अवस्था दोन ओळींत टिपावी. झोप घटत चालली की ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. झटका येण्याची वाट पाहू नये.

कुटुंबाला उपचारात सामील करून घेणे आपल्या देशाला नवे नाही. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहावयास लावले. आप्तांनी रुग्णाची शुश्रूषा केली, विकार समजून घेतला आणि त्याला घेऊनच ती माणसे घरी परतली.

मूल मरणाची भाषा बोलू लागले, तर तो रुसवा समजू नये. त्याला एकटे सोडू नये, औषधे कुलपात ठेवावी व तत्काळ डॉक्टरांना गाठावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेशी १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलता येते.

डॉक्टर गोळीची मात्रा ठरवितात. शांत शब्दाची आणि वेळच्या वेळी निजण्याची मात्रा घरानेच द्यावयाची असते. तीही नेमाने द्यावी, एकही दिवस न चुकविता.