घरचे यंत्र : चेन बदलली, पण गाडी उठेना

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या बाजूच्या एका वाडीतून गेल्या आठवड्यात पत्र आले. वाडीत चारचाकी एकच, तीही या बंधूंनी जुनी विकत घेतलेली. खताची गोणी, बाजारहाट, आजारी माणूस, सगळे तिच्यावरच. तिच्या पेट्रोल इंजिनाची टायमिंग चेन त्यांनी महाडला बदलून घेतली आणि तेव्हापासून गाडी उठत नाही. सेल्फ फिरतो, मध्येच फट् असा आवाज येतो, पण इंजिन पकडत नाही. मिस्त्री म्हणतात हेड उतरवावे लागेल. पत्राच्या शेवटी एकच ओळ होती : 'थोरल्या सुनेचे दिवस भरत आले आहेत, तरी लवकर कळवावे.'

अशा पत्राला पत्राने उत्तर देत बसणे बरे नव्हे. मी फोन केला. पहिल्याने सांगितले, सेल्फ मारणे ताबडतोब बंद करा. दुसरे सांगितले, गाडी होईल तेव्हा होईल, पण १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर घरात लहानथोर सर्वांना पाठ असू द्या, आणि वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत रात्री कोण सोबत येणार हे आजच ठरवा.

आता यंत्राकडे वळू. इंजिनात खाली क्रँक असतो, तो पिस्टन वरखाली करतो. वर कॅम असतो, तो व्हॉल्व्ह उघडतो नि मिटतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा झाला पाहिजे. हा मेळ चेन राखते. समजा कॅमच्या चाकाला ३६ दात आहेत. चेन एक दात चुकली तर कॅम १० अंशांनी चुकला, म्हणजे क्रँकच्या हिशेबाने २० अंश. तेवढ्यावर इंजिन कण्हत कुंथत चालेल. दोनतीन दात चुकले तर उठणारच नाही. आणि बऱ्याच इंजिनांत मेळ फार चुकला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतो. म्हणूनच सेल्फ बंद करा म्हटले.

मग मिस्त्रींशी बोललो. माणूस सरळ निघाला, काही लपवले नाही. नवीन चेनला काही कड्या रंगीत असतात. त्या चाकांवरच्या खुणांसमोर धरून चेन चढवायची असते. त्यांनी ती तशीच, अगदी बरोबर चढवली होती. नंतर पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवले, तेही योग्यच केले. पण पाहतात तो रंगीत कड्या खुणांपासून कुठल्या कुठे गेलेल्या! आपलेच चुकले असे वाटून त्यांनी चेन पुन्हा उतरवली आणि ओढूनताणून बसवली. बरोबर बसलेले काम तिथे बिघडले.

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी रहाट पाहिला आहे त्यांना हे लगेच उमजेल. चाकाचा एक फेरा झाला म्हणून माळेतला तोच लोटा पुन्हा वर येत नाही, कारण माळ चाकापेक्षा लांब असते. चेनचे तसेच. कॅमच्या चाकाला ३६ दात आणि चेनला १२२ कड्या असतील, तर तीच कडी त्याच खुणेसमोर यायला क्रँकचे १२२ फेरे लागतील. तेव्हा रंगीत कड्या फक्त चढवताना पाहायच्या. फिरवून झाल्यावर पाहायच्या त्या चाकांवरच्या खुणा. दोन फेऱ्यांनंतर त्या जागेवर आल्या की मेळ बसला.

मिस्त्रींना म्हटले, कंपनीच्या पुस्तकातले चित्र समोर ठेवून खुणा पुन्हा लावा, प्लग काढा आणि पाना इंजिनाच्या चालीनेच फिरवा. कुठे टणक अडले तर जोर लावू नका. दोन फेरे सुखरूप झाले की चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेजने मोजा. एखाद्याचे फारच कमी भरले तर तिथला व्हॉल्व्ह वाकला असे समजून हेड उतरवा, नाहीतर हात लावू नका. हेड उतरवणे हे खर्चाचे काम, ते अंदाजावर करू नये.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. चारही सिलिंडर जवळपास सारखे भरले, गाडी उठली, पण दोनचार सेकंद खडखडली. ते चालायचे, टेन्शनरमध्ये तेल भरेपर्यंत चेन सैल असते. तेल भरल्यावरही खडखड राहिली तर मात्र टेन्शनर पाहावा, आणि तेलाच्या चेंबरमधली जाळीही पाहावी. कव्हर बसवताना पेस्ट सढळ हाताने लावली की जास्तीची आत पडते, जाळीला चिकटते आणि तेल वर चढत नाही. चेन बदलताना टेन्शनर आणि गाईड जुनेच ठेवणे ही तर बचत नव्हेच.

मुळात चेन गेली का? तेल डांबरासारखे झाले होते. महाड परिसरात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले, कितीतरी गाड्या बुडाल्या. जुनी गाडी घेताना ती त्या पाण्यात होती का, हे विचारून घ्यावे. तेलात पाणी शिरले की ते दुधाळ होते, आणि असे तेल चेनला वंगण देत नाही.

एक गंमत सांगायची राहिली. सकाळी गाडी सुरू करताना खुळखुळ्यासारखी वाजते, असे त्यांच्या आई दिवाळीपासून म्हणत होत्या. कोणी मनावर घेतले नाही. आता ५०० किलोमीटर झाले की तेल आणि फिल्टर पुन्हा बदलायचे ठरले आहे, आणि ती तारीख आईंनीच स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे.